‘चार्ज’ म्हणजे ओझे: एका शब्दाचे सगळे अर्थ कसे जुळतात

गोव्यातल्या मराठी घरात ‘चार्ज’ हा शब्द दिवसभर किती निरनिराळ्या कामांना जुंपलेला असतो, ते एकदा कान देऊन ऐकावे. फोन चार्जिंगला लावलेला असतो. नव्या साहेबांनी खात्यात काल चार्ज घेतला, असे काका सांगत असतात. यंदा वापर कमी असूनही हा फिक्स्ड चार्ज कसला, म्हणून बाबा वीजबिल उलटसुलट करून बघत असतात. बातम्यांत कुणावर तरी चार्जशीट दाखल झालेली असते. शेजारच्या आजोबांना बांबोळीच्या इस्पितळातून डिस्चार्ज मिळालेला असतो. आणि आतल्या खोलीत दहावीची मुलगी ‘पॉझिटिव्ह चार्ज, निगेटिव्ह चार्ज’ घोकत बसलेली असते.

ही मुलगी बहुधा चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली असते. आपल्याकडे प्राथमिक शाळा मराठीतून किंवा कोकणीतून आणि पाचवीपासून जवळजवळ सगळीकडे इंग्रजी, अशी रीत आहे. त्यामुळे ‘भार’ हा शब्द तिला घरचा म्हणून ठाऊक असतो आणि ‘चार्ज’ शाळेचा म्हणून. दोघांचे काही नाते आहे, हे तिला कुणी सांगितलेले नसते. शब्दकोश उघडला तर चार्जखाली आरोप, शुल्क, हल्ला, जबाबदारी, विद्युतभार, बंदुकीची दारू असे अर्थ एकाखाली एक येतात. वरवर पाहता यांचे एकमेकांशी काही देणेघेणे दिसत नाही, म्हणून मुले ते पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. पाठ करायला तिथे खरे तर एकच गोष्ट आहे. चार्ज म्हणजे ओझे. कुणाच्या अंगावर, कुणाच्या खात्यावर, जमिनीवर, तोफेत किंवा तारेवर चढवलेले ओझे.

हा शब्द माल वाहणाऱ्या गाडीतून आला आहे. गॉल प्रदेशातल्या केल्टिक लोकांचा चाकाच्या गाडीसाठीचा शब्द रोमन लोकांनी ‘कार्रुस’ म्हणून उचलला. त्यावरून पुढच्या काळातल्या लॅटिनमध्ये ‘कार्रिकारे’ हे क्रियापद झाले: गाडीत माल भरणे, ओझे लादणे. लॅटिनमधला ‘क’ फ्रेंचमध्ये बऱ्याच शब्दांत ‘च’कडे वळला, म्हणून जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे ‘चार्जिये’ झाले आणि तेराव्या शतकाच्या सुमारास तो इंग्रजीत शिरला. पोर्तुगीजांनी मात्र ‘क’ सोडला नाही. पोर्तुगीज शिकलेले जुने गोवेकर हे चटकन ओळखतील. ‘कार्गा’ म्हणजे ओझे, माल; ‘कारेगार’ म्हणजे लादणे, भरणे. लिस्बनमध्ये आजही जहाजात माल भरतात, बंदूक भरतात आणि मोबाईल चार्ज करतात, ते याच एका क्रियापदाने. ‘कार्गो’ म्हणजे पद, अधिकाराची जागा, आणि ‘एन्कारेगादो’ म्हणजे जबाबदारी सोपवलेला माणूस. १९६१ पूर्वी गव्हर्नर जनरलच्या जागी तात्पुरता कारभार पाहणाऱ्याला ‘एन्कारेगादो दो गोव्हेर्नो’ म्हणत. आजच्या सरकारी भाषेत तो प्रभारी. मुरगाव बंदरात जो ‘कार्गो’ उतरतो तो इंग्रजीने स्पॅनिशकडून घेतला. म्हणजे इंग्रजीत कार, कॅरी, कार्गो आणि चार्ज ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत. अर्कचित्राला इंग्रजीत जो ‘कॅरिकेचर’ शब्द आहे, तोही इटालियनमधल्या ‘लादणे’ या क्रियापदावरून आलेला. नाक, पोट, मिशी यांवर जरा जास्तीचे वजन टाकून काढलेले चित्र ते कॅरिकेचर. लोटलीच्या मारियो मिरांडांची कुठलीही गर्दी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे लादणे या शब्दाचा चित्राशी काय संबंध ते समजते.

आता आपल्या भाषेकडे वळू. संस्कृतमधल्या ‘भृ’ या धातूचा अर्थ वाहणे, धारण करणे. त्यातून भार आला, गवताचा भारा आला, भर आणि भरणे आले, आभार आले. इंग्रजीतले ‘बेअर’ आणि ‘बर्डन’ हेही मुळात याच धातूचे दूरचे नातलग. ज्यांनी मराठीत परिभाषा घडवली, त्यांनी चार्जसाठी शब्द निवडताना हा धातू नेमका हेरला. विजेचा चार्ज तो विद्युतप्रभार, पदाचा चार्ज तो कार्यभार, इनचार्ज तो प्रभारी, सरचार्ज तो अधिभार. ‘सर’ म्हणजे वर, ‘अधि’ म्हणजेही वर. इतके चपखल शब्द तयार असताना ते फक्त सरकारी परिपत्रकांत पडून राहावेत, याचे मला वाईट वाटते. मुलांना ते शाळेत मिळाले असते, तर चार्जचे निम्मे अर्थ शिकवावेच लागले नसते.

आणि परिभाषा बाजूला ठेवली, तरी रोजच्या मराठीत याची गुरुकिल्ली आहे: ‘अंगावर’ हा शब्द. खर्च अंगावर पडतो. जबाबदारी अंगावर येते. बालंट अंगावर येते. चवताळलेले जनावर अंगावर येते. इंग्रजीत या चारही ठिकाणी चार्ज चालतो.

पदापासून सुरुवात करू. आपल्याकडची वर्तमानपत्रे ‘अमुक अधिकाऱ्याने पदाचा ताबा घेतला’ असे लिहितात. ताबा म्हटले की सत्ता, खुर्ची, किल्ल्या डोळ्यांसमोर येतात. चार्ज मात्र ओझ्याच्या बाजूचा शब्द आहे. आधीच्या माणसाच्या डोक्यावरचा भारा उतरवून आपल्या डोक्यावर घेणे, ही त्याच्यामागची कल्पना. म्हणून ‘कार्यभार स्वीकारला’ हे भाषांतर मला अधिक खरे वाटते. ‘ॲडिशनल चार्ज’ म्हणजे एका डोक्यावर दोन भारे. परदेशी वकिलातीत राजदूत नसताना काम पाहणाऱ्याला फ्रेंचमधून आलेले ‘शार्ज दाफेर’ हे पदनाम असते. ज्याच्यावर कामकाजाचा भार टाकला आहे तो, एवढाच त्याचा अर्थ.

न्यायालयातला चार्ज जरा थांबून समजून घ्यायला हवा, कारण इथे शब्द चुकला की माणसाची अब्रू जाते. ‘आरोप’ या शब्दाचा मूळ अर्थच मुळी ‘वर ठेवणे’ असा आहे. वृक्षारोपणातले आरोपण तेच. एखाद्या कृत्याचे ओझे माणसावर ठेवणे म्हणजे आरोप. पण हे ओझे एकदम ठेवले जात नाही. आधी पोलिसांत तक्रार नोंद होते, तो एफआयआर. मग तपास. तपास संपला की पोलीस आपला अहवाल न्यायालयाला देतात, त्याला आपण चार्जशीट किंवा आरोपपत्र म्हणतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत यासाठी कलम १९३ आहे. संशयित कोठडीत असेल तर गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत हा अहवाल यावा लागतो, नाहीतर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. ‘चार्जशीट लवकरच दाखल होणार’ अशा बातम्या त्या मुदतीच्या आसपास का दिसतात, ते यावरून कळेल.

इथपर्यंत जे आहे ते पोलिसांचे म्हणणे. न्यायाधीश कागदपत्रे पाहतात आणि खटला चालवण्याजोगे काही आहे असे वाटले तर आरोप निश्चित करतात. कायद्याच्या भाषेतला ‘चार्ज’ तो हा, न्यायालयाने ठेवलेला. तसे काही नाही असे वाटले तर माणसाला ‘डिस्चार्ज’ करतात, म्हणजे ठेवू पाहिलेले ओझे खटल्याआधीच उतरवतात. मराठीत याला आरोपमुक्त म्हणतात. पूर्ण खटला चालून सुटका झाली, तर ती निर्दोष मुक्तता. दोन्हींत फरक मोठा आहे. निर्दोष सुटलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही. आरोपमुक्त झालेल्याविरुद्ध नवा सबळ पुरावा पुढे आला तर पुन्हा कारवाई होऊ शकते. बातमीत मात्र सगळ्यांसाठी ‘सुटका’ लिहून मोकळे होतात. उलट बाजूने, नुसते आरोपपत्र दाखल झाले की नाक्यावर त्या माणसाचा निकाल लागलेला असतो. चार्जशीट, चार्ज आणि शिक्षा या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, एवढे जरी लोकांच्या लक्षात राहिले तरी पुष्कळ झाले.

जमिनीवरचा चार्ज गोव्यात फार जिव्हाळ्याचा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०० मध्ये त्याची व्याख्या आहे. गहाण नसतानाही एखादी स्थावर मालमत्ता दुसऱ्याच्या येणे रकमेसाठी तारण ठरते, तेव्हा तिच्यावर ‘चार्ज’ आहे असे म्हणतात. मराठीत याला जो शब्द आहे त्याला समजावून सांगण्याची गरजच नाही: बोजा. जमिनीवर बोजा आहे का, असे आपले आजोबाही विचारत. घर किंवा प्लॉट घेताना वकील एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा आणि बोजा नसल्याचा दाखला मागतात, ते हेच पाहायला. मालक बदलला म्हणून बोजा आपोआप उतरत नाही, तो जमिनीबरोबर चालत राहू शकतो. म्हणून विकणाऱ्याच्या शब्दापेक्षा कागद बघावा.

पैशांचा चार्ज सगळ्यांच्या परिचयाचा. खर्चाचे ओझे तुमच्यावर टाकले, म्हणजे तुम्हाला चार्ज केले. हॉटेलात पाहुणा ‘चार्ज इट टू माय रूम’ म्हणतो, तेव्हा खोलीच्या खात्यावर ते ओझे चढवा, असे तो सांगत असतो. वीजबिलातला फिक्स्ड चार्ज युनिट जळो न जळो भरावा लागतो, कारण तो तुमच्या मंजूर भाराशी, म्हणजे किती किलोवॅटची जोडणी घेतली आहे त्याच्याशी, बांधलेला असतो. तेवढी वीज तुम्ही कधीही मागाल, या तयारीने यंत्रणा उभी ठेवावी लागते, त्याचे ते पैसे. वापरलेल्या युनिटांचे पैसे वेगळे. किनारपट्टीवरच्या उपाहारगृहांत बिलाच्या तळाशी कधी ‘सर्व्हिस चार्ज’ छापलेला दिसतो. तो सरकारी कर नव्हे. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक सूचना काढून सांगितले, की तो बिलात आपसूक जोडता येणार नाही, तो देणे ग्राहकाच्या इच्छेवर आहे. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या सूचना उचलून धरल्या. जीएसटी मात्र टाळता येत नाही. दोन ओळी शेजारी शेजारी असतात म्हणून त्या एकाच जातीच्या समजू नयेत.

हल्ल्याचा चार्ज ओझ्यातून कसा निघाला, हे चटकन लक्षात येत नाही. पूर्वी तोफेत किंवा बंदुकीत दारू भरणे याला चार्ज म्हणत. ते शस्त्रावर चढवलेले ओझेच. भरलेले, रोखलेले शस्त्र घेऊन शत्रूवर तुटून पडणे, असा अर्थ पुढे सोळाव्या शतकात रूढ झाला. घोडदळाचा चार्ज तो हा. ‘लाठीचार्ज’ हा शब्द तर भारतातच घडला, इंग्लंडच्या इंग्रजीला तो आपल्याकडून माहीत झाला. सत्तरीत काजूच्या बागेत गवा अंगावर धावून आला, तर इंग्रजी बातमीत ‘चार्ज्ड’ हेच क्रियापद येईल. गवा हा आपला राज्यप्राणी. तो धावतो तेव्हा नुसता वेग धावत नाही, अख्खे वजन चालून येते, आणि चार्ज या शब्दात ते वजन आहे. फुटबॉलमध्येही तसेच. खांद्याने प्रतिस्पर्ध्याला रेटणे म्हणजे चार्ज, आणि तो नियमात बसतो. निष्काळजीपणे, बेदरकारपणे किंवा अवाजवी जोर लावून केला तरच फाउल. मैदानाबाहेरून ‘फाउल, फाउल’ ओरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

बंदुकीच्या या चार्जमधूनच विजेचा चार्ज आला, आणि ही कथा दहावीच्या प्रत्येक मुलाला कळायला हवी. १७४५-४६ च्या सुमारास युरोपात लायडन बरणीचा शोध लागला. काचेची बरणी, आतून-बाहेरून धातूचा पत्रा. तिच्यात घर्षणाची वीज साठवता येई आणि हात लावला की जोराचा झटका बसे. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन या बरण्यांवर प्रयोग करत होता. बरणी ‘भरणे’ आणि एकदम ‘रिकामी करणे’ यासाठी त्या काळात तोफखान्याचे शब्द हाताशी होते. भरणे म्हणजे चार्ज, उडवणे म्हणजे डिस्चार्ज. बरणीसारखीच वीज साठवणारी काचेची तावदाने ओळीने जोडली, तेव्हा १७४९ मध्ये त्याने त्या रांगेला ‘बॅटरी’ म्हटले. बॅटरी म्हणजे तोफांची रांग. तुमच्या फोनमधली बॅटरी आणि तिचा चार्ज असे दोन्ही शब्द रणांगणावरून आले आहेत.

धन आणि ऋण ही नावेही फ्रँकलिननेच दिली. विजेचा एकच द्रव आहे, तो कुठे जास्त तर कुठे कमी, असे त्याने मानले. कुठल्या बाजूला जास्त म्हणायचे, हा त्याचा अंदाज होता. पुढे १८९७ मध्ये जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला आणि त्याचा प्रभार त्या हिशेबात ऋण ठरला. म्हणून तारेतून इलेक्ट्रॉन एका दिशेने जातात आणि पुस्तकात विजेच्या धारेचा बाण उलट्या दिशेने काढतात. मुले इथे गोंधळतात आणि आपल्यालाच कळत नाही असे समजतात. गोंधळ त्यांचा नव्हे, नाव ठेवले तेव्हाच तो आत आला.

फोन ‘फुल चार्ज’ झाला म्हणजे त्यात विद्युतप्रभार गच्च भरला, असा सर्वसाधारण समज असतो. तसे होत नाही. चार्जिंग चालू असताना बॅटरीच्या एका टोकाने जितके इलेक्ट्रॉन आत येतात, तितकेच दुसऱ्या टोकाने बाहेर जातात. फ्रँकलिनला बरणीबाबत हेच दिसले होते. एकूण प्रभार जिथल्या तिथे. आत घडते ते असे, की लिथियमचे आयन, म्हणजे प्रभार असलेले अणू, एका बाजूच्या पदार्थातून निघून दुसऱ्या बाजूच्या ग्राफाइटमध्ये ढकलले जातात. विहिरीचे पाणी पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवावे, तसे हे काम आहे: पाणी तेवढेच, पण आता ते उंचावर आहे, तोटी उघडली की खाली येईल आणि येताना काम करील. साठते ती ऊर्जा. म्हणजे फोनच्या बाबतीत चार्ज हा शब्द भौतिकशास्त्राच्या नव्हे, तर तोफेच्या जुन्या अर्थाने, ‘भरणे’ या अर्थाने वापरला जातो.

फोनच्या खोक्यावर ५००० मिलीअँपिअर-तास लिहिलेले असते. तो आकडा मात्र खरोखर प्रभाराचाच आहे. पाच अँपिअरची धारा तासभर वाहिली तर जेवढा प्रभार तारेतून जाईल तेवढा, म्हणजे १८,००० कूलंब; कूलंब हे प्रभार मोजायचे माप. पावसाळ्याच्या तोंडावर आकाशातून कडाडून पडणाऱ्या एका विजेतून जमिनीवर साधारण वीसेक कूलंब उतरतात. आकड्याने पाहिले तर खिशातला फोन त्या विजेला शेकडो पटींनी मागे टाकतो. फरक दाबाचा आहे. फोनची बॅटरी चारेक व्होल्टच्या आत-बाहेर, आणि विजेमागे कोट्यवधी व्होल्ट. शिवाय ती सगळे ओझे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच टाकते. म्हणूनच वीजबिल प्रभारावर आकारत नाहीत, ऊर्जेवर आकारतात. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास.

डिस्चार्ज आणि रिचार्ज आता वेगळे समजावून सांगायला नकोत. इस्पितळ रुग्णाला सोडते म्हणजे त्याची जबाबदारी स्वतःवरून उतरवते, म्हणून डिस्चार्ज. तिलारी धरणातून पाणी सोडले की डिचोली-पेडण्यातल्या नदीकाठच्या गावांना सावध करतात, तो डिस्चार्ज मराठीत ‘विसर्ग’ होतो आणि क्युसेकमध्ये मोजतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. हजार क्युसेक विसर्ग म्हटले की दर सेकंदाला दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर नदीत रिकामे होत आहेत असे समजावे. पावसाचे पाणी जमिनीत मुरवून विहिरींची पातळी वाढवणे म्हणजे ग्राउंडवॉटर रिचार्ज, आपल्या मराठीत भूजल पुनर्भरण. इथेही ‘भृ’ धातू हजर आहेच. मंत्राने भारलेला ताईत, भाषणाने भारावलेली सभा, यांना इंग्रजीत ‘चार्ज्ड’ म्हणतात ते याच हिशेबाने.

लिहिताना मात्र अर्थ ठाऊक असून भागत नाही, चार्जला जोडून येणारे छोटे शब्द सांभाळावे लागतात. चोरीचा आरोप असेल तर ‘चार्ज्ड विथ थेफ्ट’. तिथे ‘फॉर’ लिहिले तर चोरी करू देण्याचे पैसे घेतले, असा अर्थ होऊ लागतो, कारण ‘फॉर’ हा पैशांच्या चार्जचा जोडीदार: कॉफीचे शंभर रुपये घेतले, तर ‘फॉर द कॉफी’. गवा अंगावर आला तर ‘चार्ज्ड ॲट’. बिल खात्यावर चढवले तर ‘चार्ज्ड टू’. आणि सगळ्यांत फसवी जोडी ‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’ यांची. ‘द नर्स इज इन चार्ज ऑफ द चाइल्ड’ म्हणजे मूल नर्सच्या जबाबदारीवर आहे. ‘द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स’ याचाही अर्थ तोच, फक्त वाक्य मुलापासून सुरू झाले. मधला ‘द’ गाळला आणि ‘द चाइल्ड इज इन चार्ज ऑफ द नर्स’ असे लिहिले, तर मूलच इस्पितळ चालवते आहे असे होईल. ज्याच्या डोक्यावर ओझे आहे तो माणूस वाक्यात आधी आला तर ‘द’ नको, आणि जे ओझे आहे ते आधी आले तर ‘द’ हवा.